मुद्दल

तीस वर्षं आम्ही दोघींनी कोऱ्या नोटा तपासल्या
नाशिकरोडच्या छापखान्यात, एका लांब टेबलाच्या दोन टोकांना.
शाईचा ठिपका, सरकलेला आकडा, तिरकी कापलेली कड:
बाद.
बोलायची मुभा नव्हती. अंगठाच काय तो चालायचा.

पांडवलेणी तेवढी राहून गेली.
मुलांच्या सहली झाल्या, इंदूरचे पाहुणे बघून गेले,
आम्ही मात्र दर वेळी आग्रा रोडवरून
खिडकीतून बोट दाखवून पुढे.

आता निवृत्तीला दोन वर्षं झाली, गुडघेदुखीला चार.
एप्रिलातला मंगळवार.
फिलोमिना भालेराव पुढे, छत्रीची काठी करून,
मी मागे, पायऱ्या मोजत.
मोजणं सुटत नाही.
एकशे चाळीसला धावत उतरणारी पोरं आडवी आली
आणि आकडा सांडला.

वर राखणदार, पोपट बेंडकुळे.
ती अक्षरं त्याला वाचता येत नाहीत,
पण अभ्यासकांमागे बॅटरी धरून धरून मजकूर पाठ झालेला.
काठी दगडाला न टेकवता, चार बोटं अंतर राखून म्हणाला,
"हे राजाच्या जावयाचं.
दोन हजार कार्षापण ठेवले गोवर्धनच्या विणकरांकडे,
महिन्याला शेकडा एक.
मुद्दल परत मागायचं नाही, व्याजच वापरायचं.
वर्षावासातल्या वीस भिक्षूंना
चिवरासाठी प्रत्येकी बारा."

गोवर्धन म्हणजे आपलं गंगापूरकडचं.
माझ्या भाचीचं लग्न तिथल्या लॉनवर झालं.

मी उभ्या उभ्या केलं:
महिन्याचे वीस, वर्षाचे दोनशे चाळीस.
वीस जण, बारा बारा. दोनशे चाळीस.
जुळलं.
एवढ्या शतकांनी, पैचाही फरक नाही!
अंगावर काटा आला, खरं सांगते,
आरतीलाही येत नाही एवढा.

फिलोमिना काहीच बोलली नाही.
तिची सगळी पुंजी एका पतसंस्थेत अडकली आहे.
कुलूप, कुलपाला सील, दारावर नोटीस,
आणि पर्समध्ये घडी घातलेली पावती,
घडीवर आता फाटत चाललेली.
ती आत गेली, एका खोलीत,
दगडी ओट्यावर सरळ आडवी झाली, चपला काढून.
"गार आहे गं," म्हणाली, "ये."

बाहेर ऊन पांढरं झालं होतं.
खाली अंबडचे पत्रे चकाकत होते, ट्रक मुंग्यांसारखे,
पश्चिमेला धुरकटात अंजनेरी,
असून नसल्यासारखी.
आत मात्र कुणीतरी डोंगर पोखरून
एका माणसाच्या मापाचा गारवा ठेवलेला.

बराच वेळाने तिचा आवाज आला, छताला उद्देशून:
"पण विणकरांनी दिलं असेल का गं व्याज?
किती वर्षं दिलं असेल?"

मी बाहेर येऊन पोपटला विचारलं.
त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं.
"ते नाही लिहिलेलं, बाई.
ठेवलं एवढंच लिहिलंय."

म्हणजे भरणा आहे, वाटप नाही.
मी पुन्हा आत गेले, तिच्या पायाशी टेकले,
आणि सवयीनं अंगठा भिंतीवरून फिरला.
छिन्नीचे घाव, सगळे एका अंगानं तिरके,
ओळीनं, दाट, नेटके,
आणि कोपऱ्यात एक
उलट्या बाजूनं पडलेला, जरा खोल.
हात घसरला असेल. किंवा संध्याकाळ झाली असेल.

आमच्या टेबलावर तो पास झाला नसता.

फिलोमिनाला दाखवला.
तिनं चष्मा वर सारला, जवळ आली,
अंगठ्यानं एकदा, दोनदा चाचपला
आणि राहू दिला.